डोह उन्हाळ्यात पाहून ठेवा

(नदी आणि नाव यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई पवनीच्या. गंगेवर आणि वैनगंगेवर त्या कायाक शिकवतात.)

प्रश्न : ताई, मी ब्रह्मपुरीचा, वय २६. दोन हंगाम ऋषिकेशला राफ्ट गाईड होतो. येताना एका परदेशी माणसाकडून जुनी स्क्वर्ट बोट विकत घेतली. नावेसकट पाण्याखाली जायचं आणि पुढे कुठेतरी वर यायचं, हे मला शिकायचं आहे. वैनगंगेत अशी जागा कुठे सापडेल आणि पाणी किती असावं? जुलैपासून रोज पुलावर जाऊन पाहतो, पण काही समजत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी आधी दोन शब्द. स्क्वर्ट बोट ही कायाकच, पण चपटी, पुढून-मागून पात्यासारखी निमुळती. फुगवटा काय तो बसणाऱ्याच्या कमरेभोवती आणि पावलांवर. ती फायबरची, बसणाऱ्याच्या वजनाला जेमतेम तरेल इतकीच जाड बनवतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया आणि त्याच्या आसपासच्या नद्यांवर साधारण १९८० च्या आगेमागे हा प्रकार सुरू झाला. चीट नदीच्या काठचे जिम स्नायडर यांनी त्यात मोठं काम केलं. धावती धार आणि तिच्या शेजारी उलटं फिरणारं पाणी, या दोघांच्या सांध्यावर पाणी खाली ओढलं जातं. तिथे नाव नीट कोनात नेली की माणूस नावेसकट खाली जातो, आतल्या आत फिरत वाहतो आणि काही सेकंदांनी वर येतो. याला मिस्टरी मूव्ह म्हणतात. कायाकवाले त्या सांध्याला एडीलाइन म्हणतात. मी शिवण म्हणते, कारण दोन पाणी तिथे शिवल्यासारखी दिसतात.

आता तुझं. जुलैत पुलावरून जागा कळत नाही, यात तुझी चूक नाही. तेव्हाची वैनगंगा काठोकाठ तांबडी असते, खाली काय आहे त्याचा पत्ता लागत नाही. जागा मे महिन्यात शोधायची. पारा ४५ च्या घरात असतो, म्हणून पहाटे पाचला निघ आणि नदीच्या पात्रातून चाल. नाव घरी ठेव. दोन-तीन सकाळी पायीच पाच-सात किलोमीटर पात्र बघ. मे महिन्यातही ज्या ठिकाणी पाणी उरलेलं आहे, तो डोह. त्या डोहाच्या वरच्या अंगाला काय आहे ते पाहा. काठाकडून खडकाची सोंड धारेत शिरली असेल आणि तिच्या खाली डोह असेल, तर पावसाळ्यानंतर तिथे शिवण पडणारच. आपल्या भागात नदीत दिसतो तो खडक बहुतेक ग्नाइस, पश्चिम विदर्भातल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना. पाण्याने घासून तो गोलसर झालेला असतो, ही आपल्या बाजूची गोष्ट. पण त्यात कपारीही असतात. वरून दिसणारी प्रत्येक कपार हात घालून बघ. ऑक्टोबरमध्ये तू त्याच कपारीसमोरून डोळे मिटून जाणार आहेस.

मे महिन्यात दुसरंही एक दिसतं, आणि ते खडकापेक्षा वाईट. खडकांत अडकलेली जाळी. पुरात तुटून गेलेली, नायलॉनची, वर्षानुवर्षं न कुजणारी. जुन्या रपट्याच्या लोखंडी सळया. मुळांसकट वाहून आलेलं आंजनाचं किंवा बाभळीचं झाड. रेतीघाटावर उपसा करून केलेले खड्डे. एकेकाचा फोटो काढ, काठावरच्या झाडाशी जोडून जागा लिहून ठेव. जाळं दिसलं की कापून बाहेर काढ, पण ते कुणाचं आहे का हे धिवरवाड्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, विचारूनच.

रेतीघाटाचा डोह मात्र सोडून दे. तो आज आहे, पुढच्या वर्षी नसेल, आणि त्याचे काठ आतून पोकळ असतात.

मे महिन्यात पाहिलं म्हणजे काम झालं असं नाही. आपली नदी रेतीची. पूर चढतो तेव्हा खांबांच्या आणि खडकांच्या पायाशी रेती खरवडली जाऊन खोल खड्डा होतो, आणि पूर उतरताना तोच खड्डा पुन्हा भरत जातो. खडक जागेवर राहतो, खोली राहत नाही. म्हणून दसऱ्याच्या सुमारास पुन्हा जायचं, दोरीला दगड बांधून खोली मोजायची. दोरीवर हाताहाताच्या अंतराने गाठी मार. मी साडेतीन मीटरपेक्षा कमी खोलीत जात नाही. नवख्याने पाच मीटर धरावे. डोकं खाली आणि पाय वर अशी अवस्था व्हायला एक सेकंद पुरतो.

मग बाटलीची परीक्षा. ही माझी स्वतःची रीत आहे, आणि मला तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घे. फक्त झाकण पाण्याबाहेर राहील इतकं पाणी तिच्यात भर. तुझी बोटही अशीच असणार आहे, बुडायला टेकलेली. शिवणीच्या वरच्या टोकाला बाटली सोड. खाली एक जण उभा ठेव. बाटली नुसती गोल फिरत राहिली तर तो भोवरा दिसायला छान, पण आपल्या कामाचा नाही. बाटली खाली गेली आणि तीन-चार सेकंदांनी पाच-दहा मीटर पुढे, मोकळ्या पाण्यात वर आली, तर जागा चांगली. बाटली दहा वेळा सोड. दहापैकी एकदा जरी ती वर आली नाही, किंवा खडकाखालून निघाली, तर ती जागा कायमची सोड. पांढरा फेस जिथे फार, तिथे बाटलीचा अंदाज चुकतो, कारण फेसाच्या पाण्यात हवा असते. आपल्याला हवं ते गडद, घट्ट, फेस नसलेलं पाणी. आणि बाटल्या गोळा करून घरी आण.

पाणी किती, हा तुझा मुख्य प्रश्न. माझ्या जागेचं सांगते. तिथे एका जुन्या पुलाचा दगडी खांब उभा आहे, वरचा पूल नाही. माझे वडील नदीची पातळी वाचायचं काम करत. सकाळी आठचं वाचन, पावसाळ्यात रात्री-बेरात्री कंदील घेऊन तासातासाचं. आम्ही पोरी मागे चालत जायचो. त्यांनीच मला खांबाचे थर मोजायला शिकवलं. वरून नववा थर कोरडा असेल तर शिवण आखूड आणि लेचीपेची. सातवा ते आठवा थर पाण्याशी असेल तर शिवण वीस पावलं लांब, स्थिर, आणि खाली शांत डोह. सहावा बुडाला की धार खडकाच्या सोंडेवरून जायला लागते, शिवण मोडून तिथे नुसती उसळी उरते. म्हणजे माझ्या जागेला कामाचं पाणी दोन थरांचं, हातभर उंचीचं. त्याच्या वर नाही, खाली नाही. तुझ्या जागेचा असा हातभर टप्पा तुलाच शोधावा लागेल, आणि त्याला एक-दोन वर्षं लागतील.

थर बरोबर असूनही मी एकदा चुकले. २०१४ चा ऑक्टोबर. सातवा थर दिसत होता, मी गेले. पण ते पाणी चढत होतं. वरच्या धरणातून विसर्ग सुरू झाला होता आणि मी चौकशी केली नव्हती. चढतं पाणी काठावरचा कचरा उचलून आणतं, शिवण जागा बदलत राहते, श्वास घेतल्यासारखी फुगते आणि बसते. मी खाली गेले तेव्हा शिवण माझ्या नेहमीच्या रेषेपासून दोन मीटर आत सरकली होती. मागच्या टोकाला जाळं अडकलं. नाव थांबली, पाणी थांबलं नाही. माझा आत्येभाऊ साध्या कायाकमध्ये खाली उभा होता. त्याने दोर टाकला, पण मला तो दिसत नव्हता. स्प्रे-स्कर्टचा (नावेत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती ताणलेल्या झाकणाचा) पट्टा ओढून मी नावेतून सुटले आणि वर आले. नाव दोन दिवसांनी निघाली, मधोमध मोडलेली. वडील तेव्हा अंथरुणावर होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "पानी चढत असन तं डोंगा नको टाकू, बाई. उतरत्या पान्यात जाय." मी त्यानंतर चढत्या पाण्यात कधी गेले नाही. थर बघते, मग अर्धा तास काठावर बसून तोच थर पुन्हा बघते. ओली खूण थराच्या वर राहिली असेल तर पाणी उतरतंय. तेव्हाच नाव टाकते.

तुझ्या बोटीबद्दल एक शंका आहे. या बोटी साच्यातून निघालेले वरचे-खालचे दोन भाग माणसाच्या वजनाप्रमाणे कापून जोडतात. ज्याच्याकडून घेतलीस तो तुझ्यापेक्षा वीस किलो जड असेल, तर ती तुला घेऊन बुडणार नाही. मग पोरं दगड बांधतात. तसं अजिबात करू नकोस. आधी गावच्या तळ्यात बसून बघ. सपाट पाण्यात नुसतं बसल्यावर डेकवर, म्हणजे नावेच्या वरच्या पाठीवर, पाणी यायला हवं. तसं येत नसेल तर तिच्या मापाचा माणूस शोध, आणि स्वतःसाठी दुसरी बघ.

अमेरिकेत गॉली नावाची नदी आहे, तिथे धरणातून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या दिवशी पाणी सोडतात आणि नाववाले वर्षभर त्या तारखांची वाट पाहतात. आपल्याकडे दरवाजे पावसावर उघडतात. तारखा आपल्याला नदीकडूनच घ्याव्या लागतात.

प्रश्न : गोसेखुर्द धरणाचे इतके दरवाजे उघडले, इतके क्युमेक विसर्ग, असं बातम्यांत येतं. त्यावरून खाली लाखांदूरकडे किती पाणी असेल हे नावेसाठी कसं ओळखायचं? (लाखांदूर)

क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हजार लिटर. क्युसेकच्या भाषेत सुमारे ३५. गोसेखुर्दला ३३ दरवाजे आहेत. सगळे थोडे-थोडे उघडले काय किंवा मोजके जास्त उघडले काय, आकडा तोच येऊ शकतो. त्यामुळे दरवाज्यांची संख्या विसरा, विसर्गाचा आकडा लिहा. पण विसर्ग म्हणजे पातळी नव्हे. हजार क्युमेक पाणी रुंद रेतीच्या पात्रात पसरून गुडघ्याएवढं दिसेल आणि तेच पाणी खडकाच्या चिंचोळ्या गळ्यात दोन पुरुष उंच होईल.

केंद्रीय जल आयोग आपल्या नद्यांवर अनेक ठिकाणी पातळी मोजतं, पवनीलाही. आकडे त्यांच्या पूर-अंदाजाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तिथली पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, म्हणून दोनशे-काही मीटर वाचून घाबरू नका. तो आकडा एकटा निरुपयोगी आहे. वही घाला. तारीख, वेळ, पवनीची पातळी, गोसेखुर्दचा विसर्ग, आणि त्याच वेळी तुमच्या जागेवरची खूण, मग ती खांबाचा थर असो, घाटाची पायरी असो की खडकावर तेलरंगाने मारलेली रेघ असो. पाणी चढतंय की उतरतंय हेही लिहा, कारण एकाच पातळीला चढती नदी आणि उतरती नदी वेगळ्या वागतात. पहिल्या वर्षी चाळीस ओळी झाल्या तरी पुरे. दुसऱ्या वर्षी घरून पवनीचा आकडा वाचून तुमच्या गावची पायरी कुठली बुडाली ते सांगता येईल. माझ्या वह्या २००९ पासूनच्या आहेत, आणि घरातलं सगळ्यात मौल्यवान सामान तेच.

दोन गोष्टी वहीबाहेरच्या. ऑगस्ट २०२० च्या शेवटी भंडाऱ्यात जो पूर आला, त्यात वरचं, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी होतं. म्हणजे आपल्याकडे ऊन पडलेलं असूनही नदी चढू शकते. आणि पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकतात, तेव्हा खालच्या उपनद्यांचं पाणी एका रात्रीत पडतं. त्या दिवसांची वहीतली नोंद वेगळ्या शाईने करा. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यात मात्र नाव कधीही नेऊ नका. तिथलं पाणी आडवं वळून परत बंधाऱ्याकडेच येतं आणि माणसाला सोडत नाही.

प्रश्न : माझ्याकडे साधी प्लास्टिकची कायाक आहे. वर्धा नदीत तिच्यात पाणी भरून ती बुडवता येईल का? (आर्वी)

नाही. पाणी भरलेली मोठी कायाक बुडत नाही, ती जड होते आणि धारेत कुणाचंही ऐकत नाही. त्या कायाकमध्ये बसून शिवण ओलांडायला शिका, धारेतून उलट्या पाण्यात आणि परत, दोनशे वेळा. हेच पुढे उपयोगी पडेल. आणि जाकीट घालूनच. वर्धेवरच वरुड तालुक्यात, झुंज इथे, १४ सप्टेंबर २०२१ ला नाव उलटून ११ जण गेले.

प्रश्न : वढ्याला वर्धा आणि पैनगंगेचा संगम आहे. तिथे कधी कधी दोन रंगांच्या पाण्याची सरळ रेघ दिसते. तुम्ही राफ्टिंगच्या शिबिरात सांगितलेली शिवण ती हीच का? (वणी)

तुम्ही बरोबर पाहिलंत, आणि असं पाहणारे थोडे. हो, ती शिवणीचीच बहीण. दोन नद्या कोनात भेटतात तेव्हा कोपऱ्याच्या लगेच खाली तळ खरवडला जाऊन खोलगट होतो, आणि रेघेच्या आसपास पाणी खाली-वर फिरतं. स्क्वर्ट बोटवाल्याला हवं ते सगळं तिथे असू शकतं : खोली, लांब रेघ, फेस नाही, खाली मोकळं पाणी.

अडचण अशी की संगमाला दोन नद्यांचा हिशोब लागतो. दोन्हींचा जोर साधारण सारखा असेल तरच रेघ धारदार राहते. वर्धा भरून आली आणि पैनगंगा उतरलेली असली, तर वर्धेचं पाणी पैनगंगेच्या तोंडात तुंबतं, तिथे तळ्यासारखं होतं आणि रेघ एका काठाला चिकटते. उलट झालं तर रेघ दुसऱ्या काठाला. म्हणून दोन्ही नद्यांची पातळी लिहा, आणि रेघ पात्राच्या मध्यावर कोणत्या दिवशी येते ते हेरा. माझा अंदाज, पूर ओसरल्यानंतरचे काही मोजकेच दिवस मिळतील. वढा विठ्ठलाचं ठिकाण आहे, कार्तिकीला तिथे जत्रा भरते. त्या दिवसांत नदी भाविकांची. बोट काढू नका.

जाता जाता, कन्हान-वैनगंगेच्या संगमाचं, आंभोऱ्याचंही काही जण विचारतात. तिथे आता गोसेखुर्दचा जलाशय आहे, धार उरलेली नाही. शिवाय नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे तिथवर येतं, जलपर्णी वाढते. नाकातोंडात पाणी जाणारा हा खेळ तिथे खेळायचा नाही. आपल्या नद्यांचं हे दुखणं मला रोज टोचतं. डोळे उघडून पाण्याखाली गेलेल्या माणसाला ते जास्तच दिसतं.

प्रश्न : आमच्या गावाजवळ वैनगंगेत एक डोह आहे. खडक, धार, खोली, सगळं तुम्ही सांगता तसं. पण आजोबा म्हणतात तिथे साती आसरा आहेत, त्या माणूस ओढून नेतात, तिथे जायचं नाही. आजोबा धिवर आहेत, जन्मभर डोंगा चालवला. मी काय करू? (चामोर्शी तालुका)

आजोबांचं ऐका. पूर्ण ऐका, म्हणजे त्यांच्याजवळ बसून विचारा. आसरांच्या डोहाला काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतील, तिथे हिरवी चोळी आणि नारळ वाहतात. मीही वाहते. ज्या डोहाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेली, तोच डोह लोकांनी असा राखून ठेवला. मला वैनगंगेत ज्या दोन चांगल्या शिवणी सापडल्या, त्यातली एक आसरांच्या डोहावर आहे. आणि बाटलीच्या परीक्षेत जी जागा मी कायमची सोडली, तीही आसरांचीच होती. सात बाटल्या गेल्या, परत आल्या पाच.

आजोबांना हे विचारा. माणूस गेला तेव्हा महिना कोणता होता? पाणी चढतं होतं की उतरतं? प्रेत कुठे निघालं, आणि किती दिवसांनी? लगेच खाली निघालं असेल तर पाणी मोकळं सोडतं. दोन-तीन दिवस लागले असतील किंवा खडकाखालून काढावं लागलं असेल, तर आत कपार आहे आणि तुमचा प्रश्न तिथेच संपला. जाळं कुठे अडकतं, वल्हं कुठे तळाला लागत नाही, भोवरा कोणत्या नक्षत्रात पडतो आणि कधी मोडतो, हे त्यांच्याइतकं कोणताही आकडा सांगणार नाही. मृगापासून हस्तापर्यंतचं सगळं लिहून घ्या. त्यांची भाषा बदलू नका, "भवरा" म्हणत असतील तर भवराच लिहा.

शांत दिसणाऱ्या पाण्यावरही भरवसा ठेवू नका. तुमच्याच तालुक्यात गणपूरजवळ जानेवारी २०२४ मध्ये मजुरीला निघालेल्या बायकांचा डोंगा उलटला, तो काही पुराचा महिना नव्हता. म्हणून काठावर दोन माणसं, दोर फेकायची पिशवी, पोलीस पाटलाला आधी निरोप, आणि डोहात कुणाची जाळी लागली आहेत याची आदल्या संध्याकाळी चौकशी. जाळी असतील तर त्या दिवशी तुम्ही जाणार नाही. त्यांचं पोट त्यावर आहे.

एवढं झाल्यावर ऑक्टोबरमध्ये, पाणी उतरत असताना, आजोबांना काठावर सावलीत बसवा आणि पहिली बाटली त्यांनाच सोडायला सांगा. कुठे सोडायची ते त्यांना ठाऊक आहे. दहा बाटल्यांचा हिशोब मला लिहून पाठवा, सेकंदांसह. नाव तोवर घरीच राहू द्या.